शेजारच्या लेनमध्ये सावंत

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार

क्रीडामंडळाच्या ऑफिसात भांडून आलो. जानेवारीतल्या खेळांच्या पत्रकात चाळिशीपुढच्यांसाठी काय ठेवलंय? लिंबू-चमचा! सेक्रेटरींना म्हटलं, ज्या गिरणगावाने रस्त्यावर छाती पुढे केली, त्याच्या कर्त्या माणसांनी आता तोंडात चमचा धरून लिंबू सांभाळत चालायचं? शर्यत ठेवा. नुसती पळायची नको, हर्डल्सची ठेवा. अडथळ्यांना आम्ही भीत नाही, हे पोरांना दिसू द्या. बराच वेळ बोललो. व्हरांड्यातला कॅरम थांबला. टाळ्याही पडल्या. सेक्रेटरी कंटाळून म्हणाले, "बरं बाबा, हर्डल्स. पण पहिलं नाव तुमचं लिहितो, मास्तर."

लिहिलं.

घरी ताराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही शेवटची उडी कधी मारलीत?"

पलटणीत. लढाई संपायच्या आधी.

"तेव्हा वजन किती होतं?"

वजनाचं राहू दे. आता वय त्रेचाळीस. दिवसा गिरगावात छापखान्यात प्रुफं तपासायची, संध्याकाळी रात्रशाळेत इतिहास शिकवायचा, रविवारी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा. तेरा वर्षांत पायाला काम म्हणून दिलेलं नाही. सगळं काम घशाला.


२० नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे नायगावच्या मैदानावर. मंडळाच्या शेडची किल्ली मागून घेतली होती, पण शेड उघडंच. हर्डल्स बाहेर काढून लावलेले आणि एक माणूस पळतोय. लांब ढांगा, अर्धी चड्डी, अंगात बनियन. हर्डलवरून जातो ते कळतसुद्धा नाही. जिना उतरावा तसं.

जवळ आला तेव्हा ओळखलं. सावंत!

सभेत व्यासपीठाच्या खाली एक टेबल असतं. त्यावर पोलिस खात्याचा माणूस वही घेऊन बसतो. आम्ही वर जे बोलतो ते तो लघुलिपीत उतरवतो. गेली तीन वर्षं माझ्या सभांना हाच माणूस. माझ्यावर खटला झाला तेव्हा कोर्टात याचीच वही वाचली. मी तेव्हा कान टवकारून ऐकलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. कंसात "टाळ्या" असंसुद्धा वाचलं, तेव्हा न्यायाधीश हसले. त्या वहीवर मी दोन महिने आत काढले.

"नमस्कार मास्तर," सावंत म्हणाले. "तुमचं नाव बघितलं बोर्डावर. म्हणून मीपण घातलं."

 नमस्कार केला. एका हर्डलकडे पळत गेलो आणि त्याच्यासमोर जाऊन थांबलो.

गुडघा : ठीक. कारण उडी मारलीच नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सहा वेळा ओलांडलं. एकच हर्डल, पण सहा वेळा. जमिनीवर उतरताना धप्प असा आवाज येतो. शेजारी पोलिस क्वार्टर्स. गॅलरीतून एक बाई म्हणाल्या, "काय पडलं गं?"

सावंत उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "रागावू नका मास्तर. तुम्ही फार वर जाता."

म्हटलं, अडथळा ओलांडायचा तर वर जायलाच हवं.

"वर गेलात की खाली यायला वेळ लागतो. तोवर बाकीचे पुढे. तुमच्या भाषणातपण तसंच होतं हां. एक वाक्य घेता, वर वर जाता, मी वाट बघत बसतो कधी खाली येता."

रागावलो. घरी येईपर्यंत रागच होता. मग ताराला सांगितलं तर ती इतकी हसली की दूध उतू गेलं. "कुणीतरी सांगितलं एकदाचं!"


३० नोव्हेंबर, रविवार

परळला सभा. गर्दी चांगली. द्विभाषिक राज्य हे महाराष्ट्राच्या गळ्यात अडकवलेलं लोढणं कसं, यावर बोललो. मुंबई कुणाच्या मेहरबानीने नको, हक्काने हवी. शेवटी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" तीनदा. मैदान हललं.

सभेनंतर बाबू भेटला. बाबुराव, खालच्या मजल्यावरचा, गिरणीत साच्यावर कापड विणणारा. आमची मैत्री शाळेपासूनची. या भागातल्या सभांची व्यासपीठं तोच बांधून घेतो, गाठी स्वतः मारतो. त्याने बांधलेलं स्टेज आजवर हललेलं नाही आणि हे तो दर सभेला सांगतो. आज वेगळंच म्हणाला : "काय रे, आज थांबत थांबत का बोलत होतास? घसा बसलाय?"

घसा नव्हता बसला. लांब वाक्य घेतलं की खाली टेबलाकडे लक्ष जायचं. सावंतांचं पेन मागे पडलं की मी दम घ्यायचो. नकळत. लिहून ठेवतो आहे, पण बाबूला सांगितलं नाही.


६ डिसेंबर, शनिवार

पळलो नाही. पहाटेपासून सगळी चाळ दादरच्या चौपाटीकडे. तारा, विजू, मी. पांढरे कपडे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. समुद्राकडे तोंड करून हात जोडले. 

परत येताना विजू म्हणाली, "बाबा, तुम्ही लंगडताय."

दिसतं तर.


११ डिसेंबर, गुरुवार

विचारायचं होतंच. आज विचारलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

सावंत बुटाची नाडी बांधत होते. बांधलेली सोडली, परत बांधली.

"ड्यूटीवर. पेन घेऊन. मला खात्यानं दुसरं काय कधी दिलेलंच नाय." मग दुसरी नाडी बांधत : "पण अंगात खाकीच होती ओ. पळणारी माणसं मला बघून वाट बदलत होती. एक म्हातारी तर उलटी फिरली, जिथं गोळ्या चालल्या होत्या तिकडे. मी ओरडलो, आजये, तिकडे नको. ती आणखीच पळाली."

पुढे विचारलं नाही. म्हातारीचं काय झालं ते त्यांनाही माहीत नसावं.

आज हर्डल्स लावलेच नाहीत. मैदानाला दोन फेऱ्या चालत मारल्या. शेजारी शेजारी. या माणसाच्या सरकारविरुद्ध मी रविवारी बोलणार, तो लिहिणार. दोन्ही ठीक आहे. जे खरं ते त्याने लिहावं, एवढंच माझं मागणं.


१४ डिसेंबर, रविवार

बाबूला कळलं. छापखान्याला सुट्टी, म्हणून सकाळी उशिरापर्यंत मैदानावर होतो. बाबू भाजी घेऊन चाललेला. कुंपणाशी उभा राहिला. आम्ही दोघं पळत होतो, सावंत पुढे, मी मागे. सावंत मागे वळून ओरडले, "पाय आडवा काढा मास्तर, आडवा!" मी हसत होतो. हे सगळं बाबूने पाहिलं.

दुपारी वर आला. चहा घेतला नाही.

"माझा हा खांदा बघ. वर जातो? काठी कुणाची लागली होती? आणि तू चड्डी घालून त्यांच्याबरोबर दात काढतोयस."

म्हटलं, तो काठीवाला नाही रे. लिहिणारा आहे.

"लिहिलेलंच कोर्टात जातं! तू दोन महिने आत बसलास ते कुणाच्या लिहिण्यावर?"

"मी जे बोललो तेच त्याने लिहिलं. एक शब्द वाढवला नाही. वाढवला असता तर दोन वर्षं बसलो असतो."

"म्हणजे उपकार झाले!"

तारा मध्ये पडली, "भावजी, चहा तरी." नाही म्हणाला. जिन्यात थांबून म्हणाला ते महत्त्वाचं. शर्यतीतून नाव काढ. नाहीतर सभेच्या बोर्डावर तुझं नाव लागणार नाही. कमिटीत असं म्हणणारा मी एकटा नाही.

गेला. शाळेपासूनचा मित्र.

माझं सगळं आयुष्य त्या बोर्डावर आहे. खडूने लिहिलेलं नाव, खाली वेळ, ठिकाण. फौजेतून आलो तेव्हा मी कुणी नव्हतो. त्या बोर्डाने मला माणसांत आणलं. आणि दुसरीकडे काय? लाकडाच्या चार फळ्या.

पण नाव मी काढणार नाही. ठरलंय.


१८ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहायचा.

पलटणीतले आमचे हर्डल्स म्हणजे जमिनीत ठोकलेले खुंट आणि वर आडवी बल्ली. हलायचं नाव नाही. पाय लागला की माणूस पडणार, बल्ली नाही. एकदा भर शर्यतीत मी तसाच पडलो. शर्यत अर्धी राहिली, गुडघ्यावर वण राहिला. तेव्हापासून शरीराला एकच माहीत : उंच जा, लागू देऊ नकोस.

मंडळाचे हर्डल्स तसे नाहीत. गिरणीच्या सुतारांनी नव्या पद्धतीचे केलेत. दोन्ही पाय एकाच बाजूला, पळणाऱ्याकडे. समोरून धक्का बसला की पुढे पडतात, माणूस निघून जातो. पाडल्याबद्दल कुणी बादही करत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. पण माझ्या गुडघ्याला ठाऊक नाही.

सावंतांनी चार वेळा पाडून दाखवलं. तरी मी आपला आभाळात.

तारा कधी आली कळलंच नाही. शाळेत जायच्या वाटेवर होती, हातात छत्री आणि डबा. सरळ हर्डलपाशी गेली, छत्रीच्या टोकाने ढकललं. पडलं. उभं केलं, परत ढकललं. पडलं. मला म्हणाली, "अहो, हे तर आमच्या दुसरीच्या वर्गातल्या फळ्यापेक्षा हलकं आहे. याला तेरा वर्षं भीत होतात?"

सावंत तोंड फिरवून हसले. बाई गेल्या. मी मागे गेलो, पळत आलो आणि मुद्दाम, ठरवून, गुडघा त्या फळीला लावला. खाडकन पडली. मी पुढे. उभा! पायावर उभा!

मग सगळे पाडले. एकामागून एक. सावंत ओरडत होते, "आता न पाडता जावा ओ, मंडळाची लाकडं हत ती!"

पडण्याचं भय गेलं की माणूस आपोआप खाली राहतो. आज मी फळीला घासून गेलो. पहिल्यांदा. अत्यंत आनंद. छापखान्यात प्रुफं वाचताना शीळ घालत होतो, मालक दोनदा बघून गेले.


२३ डिसेंबर, मंगळवार

बोर्ड लागला. रविवारची सभा, लालबाग. माझं नाव नाही.

नाक्यावर उभं राहून वाचलं. दोघा-तिघांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही नाही का?" म्हटलं, नाही, या वेळी नाही. पानवाला म्हणाला, "मग काय जायचं!" बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.


२८ डिसेंबर, रविवार

सभेला गेलो. खाली बसून ऐकलं. चळवळ माझ्या नावाची नाही, मी चळवळीचा आहे. हे व्यासपीठावरून शंभर वेळा सांगितलंय, आज सतरंजीवर बसून तपासून घेतलं. थोडं बोचलं. बरंचसं खरं निघालं.

आणि एक कळलं. आमचे वक्ते फार वर जातात! एकाने तर क्रियापद इतकं लांबवलं की माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "अरे उतर रे बाबा."

सावंत टेबलावर लिहीत होते. माझ्याकडे एकदा बघितलं, व्यासपीठाकडे बघितलं, परत माझ्याकडे. भुवया वर. मी खांदे उडवले.

बाबू स्टेजच्या कोपऱ्याला टेकून उभा. त्यानेही मला पाहिलं. गाठी तपासायला खाली वाकला.


३ जानेवारी १९५९, शनिवार

गुडघा : सकाळी दुखरा, पळून आल्यावर बरा. उलटंच आहे.

सावंतांना काल सांगितलं, बोर्डावरून नाव का गेलं ते. त्यांनी हातातलं हर्डल खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी नाव काढतो मास्तर. मला काय, दुसरी शर्यत."

म्हटलं, खबरदार. तुम्ही नाव काढलंत तर मी कुणाच्या मागे पळू?

बाबूच्या घरून संध्याकाळी वाटीभर सुकट आली. बाबूची बायको म्हणाली, "ह्यांनी नाय पाठवलं हां, मी आणलंय." तारा आत येऊन म्हणाली, "सुकट भावजीच साफ करतात. वहिनींना वास सहन होत नाही."

तीन भाकऱ्या खाल्ल्या. शर्यत आठ दिवसांवर!


११ जानेवारी, रविवार

शर्यत झाली. दोनदा झाली.

सकाळी मैदान सजलं होतं. चुन्याच्या रेघा, पताका, भोंगा. आमची शर्यत पोरांच्या रिलेनंतर. चार जण. सावंत, मी, माहीमचे एक कोळी गृहस्थ आणि घोडपदेवचा एक फिटर. कोळी गृहस्थांनी आल्याआल्या सांगितलं, "मी आयुष्यात हे केलेलं नाही. बोटीतून बोटीत उडी मारतो, तेवढाच अनुभव." फिटर म्हणाला, "मग तुम्हीच जिंकणार."

हर्डल्स आधीच लावून ठेवलेले. चार रांगा, सरळ, सुबक. मला वाटलं मंडळाने मनावर घेतलं. सावंत माझ्या शेजारच्या लेनमध्ये. "मास्तर, खाली राहा." "तुम्ही पुढे राहा."

शिट्टी.

सावंत पहिल्या हर्डलवर सगळ्यांच्या आधी पोहोचले. त्यांची सवय म्हणजे फळीला मागच्या पायाने जरा घासायचं. घासलं. हर्डल हललं नाही. सावंत पालथे! त्यांच्या मागोमाग मी. मीही घासूनच जायला शिकलोय. गुडघ्याला तो जुना, पलटणीतला, ओळखीचा ठोका बसला आणि मी हातांवर. फिटर फळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखा बसला. एकटे कोळी गृहस्थ पार गेले, दुसऱ्यापाशी थांबून मागे वळून म्हणाले, "असंच असतं का?"

मैदानभर हशा. मी बसल्या जागी हर्डलच्या पायाकडे बघितलं. काथ्या! दोन्ही पायांना काथ्याचे वेढे, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना करकचून बांधलेले. सगळ्या हर्डल्सना. ही गाठ मी ओळखतो. तीन वर्षं या गाठीवर उभा राहून बोललोय.

बाबू गर्दीतून पळत आला. तोंड पांढरं. "पडले कसे? पडले कसे रे? मी तर पहाटे येऊन एकूण एक हर्डल पक्कं बांधलंय!"

 मग सावंत जमिनीवरूनच म्हणाले, "अवो बाबुराव, ते पडाकच होये!"

"पडायला पाहिजेत?" बाबू माझ्याकडे वळला. "मला काय माहीत? मला वाटलं, तुझ्या पायाने सगळ्या लोकांसमोर एखादा पडला तर हसतील तुला. म्हणून..." आणि मग एकदम चिडून, "मग असले पडणारे बनवतात कशाला!"

मी हसायला लागलो. थांबेना. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी हसत होतो. महिनाभर माझ्याशी न बोललेला माणूस अंधार असताना उठून माझी इभ्रत काथ्याने बांधून गेला होता.

गाठी सुटेनात. बाबूच्या गाठी सुटत नाहीत, कापाव्या लागतात. त्याने खिशातला चाकू काढला, गुडघ्यावर बसला. पण एका हाताने खुंटी धरायची, दुसऱ्याने कापायचं, आणि त्याचा तो खांदा. काथ्या ताणला जाईना. सावंत लंगडत गेले, त्याच्यासमोर बसले, दोन्ही हातांनी हर्डल धरून ताण दिला. बाबूने कापलं. दोघं तसेच पुढच्या हर्डलपाशी. मग पुढच्या. मैदान शांत झालं होतं. भोंगासुद्धा बंद केला कुणीतरी.

मधेच सावंतांचा आवाज, "गाठ लय भारी हां."

बाबू : "बोलू नका. हात जाईल."

एवढंच बोलले.

दुसरी शर्यत. सावंतांच्या पायाला माझा रुमाल बांधलेला. शिट्टी. यातलं मला फार आठवत नाही. फळ्या खाली पडल्याचे आवाज आठवतात, माझ्या आणि इतरांच्या. शेजारी सावंतांचा श्वास, थोडा पुढे, मग आणखी पुढे. मध्यावर डावा पाय जड झाला, ढांगा आखूड झाल्या, म्हटलं आता थांबावं. तेवढ्यात चाळीच्या बाजूने बाबूचा आवाज. मैदानावर मोठ्याने ओरडायचं काम आजवर माझं होतं. "पाड रे! पाड! पाड त्याला!"

पाडलं. शेवटचंही पाडलं. पोहोचलो.

पहिले कोळी गृहस्थ. एकही न पाडता, बोटीतून बोटीत जावं तसे. दुसरे सावंत. तिसरा मी. फिटर शेवटी, पण हसत. तेरा वर्षं अर्धी राहिलेली शर्यत आज पुरी झाली.

ताराने हळद लावली. विजू म्हणते, "बाबा, तुम्ही लहान दिसत होतात." उंचीने की वयाने, विचारलं नाही.


१२ जानेवारी, सोमवार

उठता येत नाही. बसता येत नाही. छापखान्यात उभ्याने प्रुफं वाचली. परमानंद.

बाबू संध्याकाळी आला. चहा घेतला. दोन कप. इकडचं तिकडचं बोलला. जाताना : "तुझा तो सावंत. माणूस वाईट नाही. वर्दी वाईट." मग जिन्यातून परत दोन पायऱ्या वर आला. "पण बोर्डाचं मी काही सांगत नाही हां. कमिटी आहे."

म्हटलं, मी विचारलं का?


१९ जानेवारी, सोमवार

सावंतांची बदली. आज मैदानावर सांगितलं. घाटावर, लांबच्या कुठल्याशा तालुक्याला. बक्षीस म्हणून की शिक्षा म्हणून, ते म्हणाले कळत नाही. "कुणीतरी वर सांगितलं असेल, हा मास्तरांबरोबर पळतो म्हणून. तुमच्याकडे बाबुराव, आमच्याकडेपण कुणीतरी बाबुराव असणारच."

मी चिडलो. म्हटलं, अर्ज करा, मी लिहून देतो, असा अर्ज लिहितो की... ते हसले. "वर जाऊ नका मास्तर."

तिथे मैदान आहे का, विचारलं. माहीत नाही म्हणाले. लाकडं मिळतील. सुतार सगळीकडे असतो.

शेडमध्ये हर्डल्स दोघांनी मिळून रचले. माझा रुमाल धुऊन, घडी घालून आणला होता. तो परत दिला. निघताना म्हणाले, "तुमचं पुढचं भाषण कोण घेणार ठाऊक नाय. नवा पोरगा असला तर जरा सावकाश बोला. सुरुवातीला हात दुखतो."

मी म्हटलं, महाराष्ट्र झाला की तुम्हाला परत मागून घेऊ.

"तेव्हा लिहायला काय उरणार ओ?"

उत्तर होतं माझ्याकडे. भरपूर उरेल, असं. पण नाही बोललो. हे अलीकडे जमायला लागलंय.


१ फेब्रुवारी, रविवार

बोर्डावर नाव आलं. शेवटचा वक्ता. कमिटीत काय झालं बाबू सांगत नाही. मीही विचारत नाही.

नायगावातच सभा. व्यासपीठावर चढताना बाबूने हात दिला, चांगला हात. "बिनधास्त बोल. स्टेज पक्कं आहे." म्हटलं, ते पक्कंच हवं. तो हसला, मीही.

उभा राहिलो. सवयीने खाली टेबलाकडे पाहिलं. नवा माणूस. तिशी ओलांडलेला, चष्मा, पेन दोन. पाय टेबलाखाली मावत नव्हते, बाहेर आले होते. लांब आहेत.

बोललो. द्विभाषिकावर, मुंबईवर, जे बोलायचं ते सगळं. एक शब्द मऊ केला नाही. पण वाक्यं आखूड. एकदा लांब वाक्य घेतलंच, सवय जात नाही. मधे पाहिलं तर त्याचं पेन धडपडत होतं. थांबलो. दम घेतला. त्याने मान वर केली, चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. काय समजला कोण जाणे. बाबू कोपऱ्यात उभा होता. त्याने हे पाहिलं. या वेळी घशाबद्दल काही विचारलं नाही.

सभा संपल्यावर त्या माणसाने वही मिटली आणि निघाला. पहाटे मैदानावर या म्हणायला मी हाक मारणार होतो. नाव माहीत नाही. गर्दी झाली, राहिलं.

उद्या पहाटे शेड मलाच उघडायचं आहे. एकाच लेनचे हर्डल्स लावायचे की दोन लेनचे, ते मैदानावर गेल्यावर बघू.